हे काम माझे नव्हे, असे वाटते तेव्हा

(पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



फलकावरचा विषय वाचून काही पालकांच्या कपाळाला आठी पडली असेल, याची मला कल्पना आहे. ज्या समाजात मुलाला नोकरी लागणे हीच मोठी गोष्ट, तिथे लागलेली नोकरी मनाला पटत नाही या तक्रारीवर तासभर व्याख्यान द्यायचे, ही चैन झाली, असे कोणालाही वाटेल. परंतु शाळेचा दाखला नेण्याच्या निमित्ताने किंवा धाकट्या भावाच्या प्रवेशासाठी माजी विद्यार्थी येतात, शिक्षकांच्या खोलीत थोडा वेळ बसतात, आणि चहा संपत आला की हळूच सांगतात, "सर, पगार वेळेवर मिळतो, पण सकाळी उठून कामावर जावेसे वाटत नाही." हे वाक्य मी यंत्रमागावरच्या कामगाराकडून ऐकले आहे, आखातातून रजेवर आलेल्या तरुणाकडून ऐकले आहे, आणि बँकेत कायम झालेल्या मुलीकडूनही ऐकले आहे. ज्या गोष्टीबद्दल इतकी माणसे इतक्या हलक्या आवाजात बोलतात, तिच्याबद्दल एकदा तरी मोठ्याने बोलावे, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. घरात असा विषय निघाला की वडीलधारी मंडळी म्हणतात, "लोकांना काम मिळत नाही, आणि तुला मिळालेल्याचा कंटाळा? ही नाशुक्री आहे." या बोलण्यात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. ज्याच्या मिळकतीवर पाच माणसांची चूल पेटते, त्याने मनाच्या लहरीवर राजीनामा फेकणे हा त्या पाच जणांवर अन्याय आहे. पण शुक्र करणे म्हणजे तोंड बंद ठेवणे नव्हे. अंगात ताप आला, तर त्या माणसाला आपण कृतघ्न म्हणत नाही. ताप हा मुळात रोग नव्हे, रोगाची खूण आहे. वैद्य तापाला रागावत नाही, तो कारण शोधतो. कामाविषयीच्या या नकोशा भावनेचेही तसेच आहे. ती दडपून ठेवायची नाही, आणि तिच्या तालावर नाचायचेही नाही. ती कशामुळे आली, हे आधी पाहायचे.

माझ्या अनुभवाप्रमाणे या भावनेची कारणे मुख्यतः तीन असतात, आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिले कारण असे की काम चांगले असते, पण जागा वाईट असते. बारा-बारा तासांची पाळी, अपमान करणारा मुकादम, थकलेला पगार, रविवारीही वाजणारा फोन. अशा ठिकाणी माणसाला वाटते की आपण धंदाच चुकीचा निवडला. वस्तुतः धंद्याचा काही दोष नसतो. याची परीक्षा सोपी आहे. हेच काम, परंतु माणुसकीने वागणाऱ्या मालकाकडे मिळाले तर कराल का, हे स्वतःला विचारा. उत्तर 'हो' आले, तर तुम्हाला हुन्नर बदलायचे नाही, फक्त उंबरठा बदलायचा आहे.

दुसरे कारण असे की कामात वाईट काही नसते, पण ते आपल्या स्वभावाला मानवत नाही. माणसांत रमणाऱ्या मुलाला दिवसभर आकड्यांसमोर बसवले, किंवा हाताने वस्तू घडवण्यात ज्याचा जीव रमतो त्याला दुकानाच्या गल्ल्यावर बसवले, तर तो आळशी दिसू लागतो. तो आळशी नसतो. तो चुकीच्या वाफ्यात लावलेले रोप असतो.

तिसरे कारण सर्वांत गंभीर. कामच असे असते की त्याने दुसऱ्याचे नुकसान होते, किंवा ते खोटे बोलल्यावाचून होत नाही. याचीही परीक्षा सांगतो. आज दिवसभर आपण काय केले, हे रात्री जेवताना आपल्या आईला किंवा मुलाला जसेच्या तसे सांगता येते का? सांगता येत नसेल, तर ती केवळ कंटाळ्याची गोष्ट राहिली नाही. आपण ताटातल्या घासाबद्दल तो हलाल आहे की नाही हे बारकाईने विचारतो. ज्या पगारातून तो घास आला, त्या पगारालाही तोच प्रश्न विचारावा लागतो.

आता या तिन्ही प्रकारांत माणसे कशी वागली, हे आपण थोडे पाहू.

ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यांची पदके आपल्याला ठाऊक असतात, त्यांची बेकारी ठाऊक नसते. १८९६ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईवडील अगदी लहानपणी गेले, मामांनी वाढवले. मॅट्रिकनंतर कुटुंबाच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले. तिथे खाणीचा व लाकडाचा व्यापार होता. त्यांचे चित्त मात्र हिशेबाच्या वह्यांपेक्षा जंगलातल्या पाखरांत गुंतलेले असे. तो व्यापार अखेरीस बुडाला. मध्यंतरी मुंबईत येऊन त्यांनी व्यापारी कायदा व हिशेबतपासणीचे शिक्षण घेतले, आणि त्याच काळात प्राणिशास्त्रही शिकून घेतले. पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यात जागा मिळावी म्हणून प्रयत्न केला, पण विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे ती मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात निसर्गविभागाची माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी मिळाली. ती करीत असता आपले शास्त्रीय शिक्षण अपुरे आहे हे त्यांना जाणवले, म्हणून १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीला शिकायला गेले. १९३० साली परत आले तेव्हा पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती.

मित्रहो, त्या वेळी त्यांचे वय तेहतीस-चौतीस वर्षांचे होते. घरदार होते, शिक्षण होते, आणि हातात काम नव्हते. अलिबागजवळ किहीमला ते राहायला गेले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची घरटी होती. त्यांनी ती रोज पाहायला व टिपायला सुरुवात केली. त्या निरीक्षणांतून सुगरणीच्या विणीविषयी त्यांनी जो निबंध लिहिला, त्याने अभ्यासकांत त्यांचे नाव झाले. त्यानंतर हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करण्याचे काम त्यांनी संस्थानिकांच्या मदतीने केले. 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९४१ साली निघाला, तेव्हा ते पंचेचाळिशीला आले होते. १९७६ साली पद्मविभूषण मिळाले, तेव्हा ऐंशीच्या घरात होते.

या हकिगतीतून "आवडीचे काम करा, यश मिळेल" असा स्वस्त बोध मी काढणार नाही. सलीम अलींना राहायला घर होते, नातलगांचा आधार होता. आपल्यातल्या अनेकांना तो नसतो. मला दिसते ते निराळेच. नोकरी गेली, तरी त्यांनी आपले काम थांबवले नाही. नोकरी व काम या दोन गोष्टी आपण एकच समजतो, तिथेच आपला घोटाळा होतो. नोकरी दुसरा देतो, आणि दुसरा काढून घेऊ शकतो. काम मात्र आपण रोज हातात घेतो म्हणून आपले असते.

त्या सुगरण पक्ष्यांचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपण जिला सुगरण म्हणतो, ते घरटे विणणारा असतो नर. तो घरटे अर्धे विणतो आणि थांबतो. मादी येते, आत शिरून पाहते. तिला पसंत पडले तर ती राहते व नर उरलेले घरटे पूर्ण करतो. पसंत पडले नाही, तर ते अर्धे घरटे तसेच लोंबत राहते आणि तो दुसरे विणायला घेतो. बाभळीवर अशी अर्धवट घरटी तुम्ही पाहिली असतील. तीस वर्षांच्या मुलाने धंदा बदलला की आपण त्याला 'धरसोड्या' म्हणतो. विणलेले एक घरटे सोडावे लागले, म्हणून पाखरू विणकाम सोडत नाही, हे आपण लक्षात घेत नाही.

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळू. मुन्शी प्रेमचंद, म्हणजे धनपतराय, हे शिक्षणखात्यात नोकरीला होते. सरकारी नोकर असतानाच त्यांचा 'सोज़े वतन' हा उर्दू कथासंग्रह १९०८ साली निघाला. तो राजद्रोही ठरवून अधिकाऱ्यांनी त्याच्या प्रती नष्ट केल्या. तेव्हा त्यांनी नोकरी सोडली नाही. नाव बदलून लिहीत राहिले; तेच नाव पुढे सर्वांच्या ओठी झाले. १९२१ च्या फेब्रुवारीत गोरखपूरला महात्मा गांधींचे भाषण त्यांनी ऐकले आणि वीस वर्षांहून अधिक झालेल्या त्या नोकरीचा राजीनामा दिला. ज्या सरकारला आपण अन्यायी म्हणतो, त्याचा पगार घेणे त्यांच्या मनाला पटेना. घरात लहान मुले होती. पत्नी शिवरानीदेवींशी बोलून मगच त्यांनी हे पाऊल टाकले, हे विसरू नये.

त्यानंतर सर्व सुरळीत झाले का? नाही. काशीला छापखाना काढला, तो सतत तोट्यात. पैशांची ओढाताण मिटेना म्हणून १९३४ साली ते मुंबईला चित्रपटाच्या कथा लिहायला आले. ते काम मनाला रुचले नाही, आणि वर्ष पुरे होण्याच्या सुमारास परत गेले. १९३६ साली त्यांचे निधन झाले. तात्पर्य, नकोसे काम सोडले की सुख दारात उभे असते, असे नाही. सोडण्याची किंमत असते, आणि ती बहुधा घरातल्या सर्वांना मिळून द्यावी लागते. तरीही काही कामे सोडावीच लागतात. ती सोडताना किंमत आधी मोजावी, एवढेच.

तिसरे उदाहरण सर सय्यद अहमद खान यांचे. १८३८ साली वडील वारल्यावर घरच्या ओढगस्तीमुळे ते ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायखात्यात नोकरीला लागले. ही नोकरी त्यांनी १८७६ पर्यंत केली. परंतु 'आसार-उस-सनादीद' हा दिल्लीच्या इमारतींवरचा ग्रंथ १८४७ चा, शास्त्रीय पुस्तकांची भाषांतरे करणारी गाझीपूरची संस्था १८६४ ची, आणि अलीगढची शाळा १८७५ ची. म्हणजे ज्या कार्यामुळे आपण त्यांना ओळखतो, त्याचा पाया नोकरीत असतानाच घातला गेला. दिवसाचे कचेरीचे तास त्यांनी उदरनिर्वाहाला दिले, उरलेले ध्येयाला. आपल्यातील बहुसंख्य लोकांना हाच रस्ता परवडणारा आहे.

आणि ज्यांना काम बदलण्याची मुळी संधीच नसते, त्यांचे काय? जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) लिहिणे-वाचणे शिकल्या नव्हत्या. वैधव्य लवकर आले. शेत, जाते आणि चूल यांतून त्यांना कधी सुटका मिळाली नाही. पण जात्यावर आणि शेतात काम करता करता त्या जे रचीत गेल्या, ते मुलाने व एका नातलगाने टिपून ठेवले, आणि १९५२ साली त्याचे पुस्तक झाले. जाते तेच, पीठही तेच. त्यांनी मात्र त्या कामाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले. मी कष्टाचे गोडवे गात नाही. बहिणाबाईंना शाळा मिळाली असती तर अधिक बरे झाले असते. परंतु अर्थ हा कामात आयता भरून येत नाही, काही अंशी तो आपण घालायचा असतो, हे त्यांच्याकडून शिकावे.

माझ्या स्वतःच्या पेशाबद्दल दोन शब्द बोलणे योग्य होईल. बी.ए. झाल्यावर मी बी.एड.ला गेलो, तो काही थोर ध्येयाने नव्हे. घरातून सांगण्यात आले की शिक्षकाची नोकरी कायमची असते, म्हणून गेलो. पहिली काही वर्षे मानधनाची. मग मतदारयाद्या, सर्वेक्षणे, माहितीचे तक्ते, यांतून वेळ उरला तर अध्यापन. अशा दिवसांत मलाही वाटते की हे काम माझे नव्हे. एकदा सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा फळ्यावरचे नेहमी चुकीचे उतरवून घेत असे. सर्वांनी त्याला 'ढ' ठरवले होते. मी त्याला पहिल्या बाकावर बसवले, तरी तो डोळे बारीक करून पाही. त्याच्या वडिलांना बोलावून डोळे तपासून घ्यायला सांगितले. चष्मा आला, आणि सहामाहीत मुलगा गणितात उत्तीर्ण झाला. एवढीच गोष्ट. त्या दिवशी शासनाचा एकही तक्ता कमी झाला नाही. पण आपण कोणाच्या उपयोगी पडतो, हे मला नावानिशी कळले. तुमच्या कामात असा एखादा माणूस आहे का, हे जरूर शोधा. कधीकधी काम चुकीचे नसते. ते ज्याच्यासाठी आहे, तो माणूस आपल्याला दिसत नसतो.

आता व्यवहाराचे बोलू. गेल्या काही वर्षांतील एक माजी विद्यार्थी, बी.कॉम. झालेला, एका कर्जवसुलीच्या कार्यालयात लागला होता. दिवसभर फोन करायचे, हप्ता चुकलेल्यांना धाक घालायचा, त्यांच्या नातेवाइकांसमोर लाजवायचे. एकदा एका बाईने फोनवर सांगितले की कर्ज घेणारा नवरा मागच्या महिन्यात वारला. तरी समोरच्या कागदावर लिहिलेली वाक्ये त्याला पुरी वाचावी लागली. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, सोडू का?" घरी आई, दोन बहिणी, एकीची परिचारिकेच्या शिक्षणाची फी. मी 'सोड' म्हणालो नाही, 'राहा'ही म्हणालो नाही. आम्ही वही घेतली आणि हिशेब मांडला. घरखर्च किती, शिल्लक किती, किती महिने निभेल. तीन महिन्यांचा खर्च हाताशी आल्यावर सोडायचे, असे ठरले व त्याची तारीख लिहिली. त्या काळात त्याने संध्याकाळी हिशेबाचे संगणकावरील काम शिकून घेतले. सात महिने लागले. आता तो एका कापडव्यापाऱ्याकडे हिशेबनीस आहे. पगार पूर्वीपेक्षा तीन हजारांनी कमी. महिनाअखेरीस त्याची चिडचिड होते, हे मी लपवीत नाही. पण परवा त्याची आई भेटली, म्हणाली, "सर, आता तो जेवताना बोलतो." याहून मोठे प्रमाणपत्र मला माहीत नाही.

या अनुभवांवरून चार सूचना मी तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली. एक जुनी वही घ्या आणि पंधरा दिवस रोज रात्री तीन ओळी लिहा. आज कोणत्या कामात वेळ कसा गेला कळले नाही. कोणत्या वेळी जीव गुदमरला किंवा शरम वाटली. आणि आज माझा उपयोग कोणाला झाला. पंधरा दिवसांनी ती वही एकदम वाचा. तुमचा रोग तीनांपैकी कोणता, हे बहुधा तिथेच दिसेल.

दुसरी. जे काम हवेसे वाटते, ते करणाऱ्या माणसाला जाऊन भेटा. दुरून प्रत्येक डोंगर साजरा दिसतो. त्या कामातला कंटाळवाणा भाग कोणता, हे त्याला विचारा. तो भागही सोसायची तयारी असेल, तर ती आवड खरी.

तिसरी. रोज एक तास राखा. नोकरी सांभाळून शिकण्याची सोय आज आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, ते नोकरदारांसाठीच जणू आहे. हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ पासून आहे, आणि तिथेही घरबसल्या शिकता येते. हाताच्या कामाची आवड असेल त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चौकशी करावी. आय.टी.आय. म्हणजे नापासांची जागा, ही समजूत आपण आता सोडलेली बरी.

चौथी. सोडायचे असेल तर रागाच्या दिवशी सोडू नका. घरच्यांना विश्वासात घ्या, आकडे त्यांच्यासमोर मांडा, तारीख ठरवा. मात्र एक अपवाद आहे. ज्या कामात एखाद्याच्या जिवाला धोका पोहोचतो, किंवा उघड फसवणूक आपल्या सहीने होते, तिथे तारखेची वाट पाहू नका.

पालकांना माझी नम्र विनंती आहे. मुलाच्या लग्नाचे किंवा घराच्या मजल्याचे कर्ज त्याच्या पहिल्या पगाराच्या भरवशावर काढू नका. असा हप्ता हा मुलाच्या पायातला दोर असतो. काम चुकीचे आहे हे त्याला कळते, पण पाऊल उचलता येत नाही. मुलीच्या बाबतीत तर आपण उलटेच करतो. तिचे काम तिला आवडते, ती ते चोख करते, आणि आपण लग्न ठरताच ते सोडायला लावतो. नको असलेले काम करायला लावणे आणि हवे असलेले सोडायला लावणे, या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत.

आणि तरुण मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकजण उद्या सकाळी त्याच कामावर जाणार आहात. माझ्या व्याख्यानाने तुमचा साहेब बदलणार नाही की पगार वाढणार नाही. पण जाताना मान खाली घालून जाऊ नका. घरच्यांसाठी नावडते काम प्रामाणिकपणे करणारा माणूस हरलेला नसतो. तो उभा असतो. फक्त उभे असतानाच पुढचा रस्ता कुठे जातो, तिकडे नजर असू द्या. वही आज रात्रीच सुरू करा. काही अडले, तर शाळेत या. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर थांबतो.